दोनशे तासांचा हिशेब धावपट्टीवर चालत नाही

अमेरिकेत होमबिल्ट विमान, म्हणजे हौशी माणसाने बहुधा गॅरेजमध्ये स्वतः जोडलेले विमान, घेऊ पाहणाऱ्या वैमानिकांमध्ये एक सल्ला हमखास दिला जातो : ‘सेस्ना १७२वर दोनशे तास झाले असतील, तर आरव्ही-६ चार फेऱ्यांत हाती येते, वेग थोडा जास्त ठेवा, बाकीचे विमानच शिकवेल.’ (सेस्ना १७२ हे नाकाखाली चाक असलेले, शिकाऊ वैमानिकांचे नेहमीचे विमान; आरव्ही-६ हे शेपटीला चाक असलेले छोटे होमबिल्ट.) हा सल्ला तिन्ही बाबतींत चुकतो.

पहिला मुद्दा तासांचा. शेपटीला चाक असलेल्या विमानासाठी अमेरिकी नियमांत प्रशिक्षकाची लेखी मंजुरी लागते, परंतु तिच्यासाठी किमान तास ठरवलेले नाहीत. साधे आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण व अवतरण, व्हील लँडिंग (शेपटी वर ठेवून आधी मुख्य चाके टेकवणे) आणि गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) जमते का, एवढेच पाहिले जाते. हे योग्यच आहे. सेस्नाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ते किंचित तिरके टेकले तरी आपोआप सरळ होऊ पाहते, तर आरव्ही-६मध्ये तो चाकांच्या मागे असल्याने तोच तिरकेपणा वाढत जातो आणि रडरला (शेपटीवरील सुकाणूला) उशीर झाला की विमान गरकन फिरते. सेस्नाने दोनशे तास पोटात घातलेली चूक ही चूकच असते, फक्त आता ती अंगवळणी पडलेली असते. (नाकाखाली चाक असलेल्या आरव्ही-६एला हा आक्षेप तितकासा लागू नाही.)

जास्त वेगाचा सल्ला तर उलटाच आहे. ६५ऐवजी ७५ नॉटने (ताशी सागरी मैल) उतरायला आल्यास गतिज ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते, विमान तरंगत राहते आणि धावपट्टी संपत जाते. वेग फार कमी ठेवूनही चालत नाही, कारण सेस्नाच्या सुमारे ३६ फुटी पंखांपुढे आरव्ही-६चे पंख जेमतेम २३ फुटी असून मंद वेगात पॉवर काढताच ते झपाट्याने खाली बसते. म्हणजे हवा तो नेमका वेग, आणि तो धरण्याची सवय सेस्नातच लागते.

‘विमानच शिकवेल’ हे म्हणणे सर्वांत धोक्याचे. सेस्नाचे जड योक (मोटारीच्या स्टिअरिंगसारखे हँडल) मुठीत धरून ओढणारा हात आरव्हीच्या हलक्या स्टिकवर (गुडघ्यांमधल्या दांड्यावर) तसाच पडला, तर जमिनीपासून तीन फुटांवर नाक वर-खाली डोलू लागते आणि तेथे शिकायला सवड नसते. त्याऐवजी सेस्नातच बोटांनी विमान उडवावे, धावपट्टीची मध्यरेषा दोन्ही मुख्य चाकांच्या मध्ये ठेवावी आणि लांब धावपट्टीवर, प्रशिक्षक शेजारी असताना, चाके न टेकवता हातभर उंचीवरून सरळ जात राहण्याचा सराव करावा. ते सलग जमू लागले की मग त्याच जातीच्या आरव्हीत प्रशिक्षकासह बसावे.