फी घेतली, गोळी नाही दिली

आमच्या खान्देशातल्या चोपडा गावात डॉक्टरची किंमत चिठ्ठीच्या लांबीवर ठरते. चिठ्ठी दुमडून खिशात ठेवावी लागली तर डॉक्टर हुशार. मागच्या पानावर गेली तर तो मुंबईला शिकलेला असणार. आणि सलाइन लावलं तर देवमाणूस. मला भेटलेल्या डॉक्टरनं ईसीजी काढला, रक्त तपासलं, छातीत आलेली कळ आदल्या रात्रीच्या शेवभाजीची आहे असं निदान केलं आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली : सिगरेट बंद. खाली सही.

"गोळी?" बायकोनं विचारलं.

"नाही लागत."

"निदान टॉनिक तरी?"

"वहिनी, सिगरेट सोडली की वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. एवढं काम करणारं टॉनिक माझ्याकडे नाही. फारच तलफ आली तर मेडिकलमधून निकोटिनचं च्युइंग गम घ्या."

रिक्षात ती गप्प होती. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "फी घेतली, गोळी नाही दिली." संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. औषधच दिलं नाही म्हणजे केस हाताबाहेर गेली असणार, असं समजून शेजारच्या आक्का डोळ्यांना पदर लावूनच आल्या.

सोडायला पैसा लागत नाही, हीच खरी अडचण आहे. विकत घेतल्याशिवाय उपचार झाला असं वाटत नाही. मी एक वस्तू बंद करणार म्हटल्यावर लोकांना माझ्या आयुष्यात केवढी तरी मोकळी जागा दिसली, आणि ती भरायला जो तो डबी घेऊन धावला.

पण आधी मुहूर्त. डॉक्टरनं एक तारीख ठरवायला सांगितली होती. तारीख ठरवणं आमच्याकडे मायच्या खात्यात येतं. तिनं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, धरली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्या दिवशी सुरू केलेलं वाढतच जातं. मी म्हटलं, माय, मी सुरू नाही करत, बंद करतोय. ती म्हणाली, बंद करायला सुरू कर.

आता खान्देशाबाहेरच्या माणसाला यातली मेख कळायची नाही. आखाजीला झाडांना झोके बांधतात, लेकी माहेरी येतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस असतो, हे सगळं खरं. पण त्याच दिवशी गावोगावचे पुरुष पत्ते कुटायला बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा सज्जनही त्या दिवशी बसतो आणि घरचे डोळेझाक करतात. ओसरीवर बसलेल्या माणसांपैकी धूर न काढणारा मी एकटा. समोरच्याच्या तोंडातून निघालेला धूर माझ्या नाकाजवळून जाताना थांबून रामराम करत होता. हातात चांगली पानं असून मी हरलो, आणि जिंकणाऱ्यानं सहानुभूती म्हणून मला सिगरेट देऊ केली.

दुसऱ्या दिवसापासून दुकान. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालायचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, व्होल्टेज पडतं आणि तालुक्यातल्या सबमर्सिबल मोटारी एकेक करून जळून माझ्याकडे येतात. केळीला पाणी नाही म्हणून शेतकरी माझ्या बाकावर सुतकात बसलेला असतो. त्यानं बिडी पेटवली आणि आपण नुसतं बघत बसलो तर तो माणुसकीचा प्रश्न होतो. मी सोडली म्हणून सांगितलं की तो खिशातला हुकमी एक्का काढणार : "मना बाप बिड्या पीसन नव्वद वरीसना व्हयना, भाऊ!" नव्वदीला पोचलेले हे बाप मी कधी पाहिलेले नाहीत. साठीत गेलेल्या बापांची उदाहरणं कुणी बाकावर बसून देत नाही.

निकोटिन जाताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात असं सांगितलं होतं. ते बरोबर निघालं. त्या दिवसांत मी हेल्परवर ओरडलो, मीटरवर ओरडलो, एका मोटारीवर ओरडलो. शेवटी आठवलं की सरकारचा एक फुकट नंबर आहे, तंबाखू सोडणाऱ्यांना समजावून सांगतात. नंबर कुठे मिळेल? सिगरेटच्या पाकिटावर छापलेला असतो. ज्यानं पाकीट घेणं सोडलंय त्यानं तो वाचायचा कुठून, याचा विचार छापणाऱ्यानं केला नसावा. वाइंडिंग मशीनखालून एक रिकामं पाकीट उकरून काढलं, १८००-११-२३५६ फिरवला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्या, हात कामात ठेवा. मी फोन कानाला लावून मोटारीची तांब्याची तार गुंडाळत बसलो. त्या दिवशी एका मोटारीला वेढे जास्त पडले.

च्युइंग गमचं वेगळंच. ते शेंगदाण्यासारखं चावून खायचं नसतं. तिखट लागेपर्यंत हळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून जातं. सगळं शास्त्रशुद्ध. पण गालात गोळी दाबून, डोळे अर्धे मिटून बाकावर बसलेला माणूस खान्देशात कसा दिसतो? पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "सिगरेट सोडी, तंबाखू धरी का? बरं करं, सस्ती पडस." संध्याकाळी आक्कांनी मायच्या कानावर घातलं. मायनं मला तोंड उघडायला लावलं. वयाच्या पन्नाशीत आईला आ करून दाखवणं काय असतं ते मी कुणाला सांगत नाही.

शिवाय गम तोंडात असताना चहा बंद, आणि आधीही पंधरा मिनिटं बंद, कारण त्यानं निकोटिन नीट शोषलं जात नाही. आमच्या बाजारपेठेत दोन चहांमध्ये पंधरा मिनिटं कधी मोकळी नसतात. म्हणून मी गम कमी केलं आणि चहा वाढवला. त्यानंतर झोप गेली. रात्री दोनला शिवारात वीज येते, पंपांचे स्टार्टर खटकतात, ते सगळे मी मोजत ऐकायचो. खुलासा भाचीनं केला. ती शिरपूरला बी. फार्म. करते आणि रविवारी आजोळी येते. ती म्हणाली, "मामा, तंबाखूच्या धुरानं लिव्हर चहातलं कॅफिन झपाट्यानं संपवतं. धूर बंद झाला की लिव्हर निवांत होतं. तुम्ही तेवढाच चहा प्यायलात तरी तो रक्तात आधीपेक्षा कितीतरी वेळ राहणार, आणि तुम्ही तर वाढवलाय." म्हणजे इतकी वर्षं मी हाफ चहाचे पैसे देऊन पाव चहाच पीत होतो! या नुकसानीबद्दल पाकिटावर एक अक्षर छापलेलं नाही.

आता डब्यांकडे येतो.

शेजारचे निवृत्त गुरुजी पहिले. त्यांनी लसणीच्या कॅप्सूल आणल्या, सोबत अर्जुनसादड्याची साल. भाचीनं कॅप्सूलची बाटली फिरवून बघितली आणि सांगितलं, अमेरिकेत २०२२ साली लसूण, हळद, दालचिनी, माशाचं तेल अशी सहा पूरकं चार आठवडे लोकांना देऊन बघितली. एकानंही वाईट कोलेस्टेरॉल पांढऱ्या खोट्या गोळीपेक्षा खाली आणलं नाही. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या, स्टॅटिनच्या, लहानशा डोसनं अडतीस टक्के आणलं. लसणीच्या गटात तर ते थोडं वाढलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती तिकडची लसूण. आपली गावरान." मग सहज बोलून गेले की त्यांची स्वतःची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि लसणीच्याही ते दोन-दोन घेतात. तेव्हा मात्र भाची हसली नाही. दोन्ही डब्या पिशवीत घालून तिनं त्यांना डॉक्टरकडे पाठवलं.

मग एक वर्गमित्र टाय लावून आला. चोपड्यात, मे महिन्यात, टाय. त्याच्या हृदय-संचात पाच रंगांच्या गोळ्या होत्या आणि मी आणखी काही लोक जोडले तर माझा संच फुकट पडणार होता. भाचीनं डबीवरचं बारीक वाचलं. पुढे लाल बदामाचं चित्र, मागे "औषधी वापरासाठी नाही." हे असं छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे, तिनं सांगितलं. पाचातली नारंगी गोळी बीटा-कॅरोटिनची निघाली. गाजराला रंग देणारं द्रव्य, त्यात वाईट काय? तर फिनलंडमध्ये एकोणतीस हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ते वापरून बघितलं, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर अठरा टक्के जास्त निघाला. मित्रानं टाय सैल केला. म्हणाला, "मग गाजर खाऊ नये?" "गाजर खा काका," भाची म्हणाली, "गाजराला डबी नसते."

एक चेला व्हेप, म्हणजे विजेवरची ई-सिगरेट, घेऊन आला होता. देशात २०१९ पासून त्यावर बंदी आहे, विकणं गुन्हा आहे, तरी कुणीतरी कुठून तरी आणतंच. मला समजावताना तो म्हणाला, आत कॉईल असते, ती जळाली की बदलायची. मी म्हटलं, बाबा रे, जन्मभर लोकांच्या जळालेल्या कॉईली बदलतोय, आता तोंडातली पण बदलू?

सगळ्यात मोठा डबा दाजींचा. दाजी म्हणजे भाचीचे वडील, पुण्याला असतात. कुरियरनं आला, त्यावर मोठ्या अक्षरात ओमेगा. पिवळ्या पारदर्शक कॅप्सूल. मायला वाटलं, इंग्रजी औषध आलं. तिनं तो डबा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि रोज जेवणानंतर स्वतःच्या हातानं एक देऊ लागली. अखेर गोळी मिळाली म्हणून घर शांत झालं.

आषाढी एकादशी. माय माळकरी. घरात भगर, साबुदाणा, बाहेरच्या खोलीत बायकांचं भजन. मी फराळ केला, कॅप्सूल घेतली, आणि अभंगाच्या मधोमध मला ढेकर आली. ती माझ्यातून आली असली तरी तापीतून आल्यासारखी होती. टाळ थांबले. आक्का म्हणाल्या, "मांजर मासोळी घेऊन आली घरात." बायका उठल्या, कोठीमागे, खाटेखाली, धान्याच्या ड्रमामागे मांजर शोधू लागल्या. मीही शोधलं. दुसरी ढेकर आली तेव्हा मी ड्रमामागे वाकलेलो होतो आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडे वळलं.

बायकोनं डबा वाचला. फिश ऑइल. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे तेही जनावराचंच. मायनं भिंतीला टेकून दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, "माय, तो मासा नाही, माशाचं तेल आहे."

"म्हणजे काय माशानं शेंगदाणे गाळले?"

"हृदयाला चांगलं असतं, माय."

"माझ्या विठ्ठलाच्या हृदयाचं काय?"

फोनवर दाजींना उत्तर सुचलं नाही. तो डबा घराबाहेर गेला, कोनाडा गोमूत्रानं शिंपडला गेला, आणि माझ्या जेवणात जवसाची चटणी सुरू झाली. जवसातही ओमेगा असतं, पण शरीर त्यातलं थोडंसंच माशातल्यासारखं करून घेतं, असं भाची म्हणाली. आणि जोडीला सांगितलं की अमेरिकेत जवळजवळ सव्वीस हजार लोकांपैकी निम्म्यांना पाच वर्षं माशाचं तेल देऊनही हृदयविकार, पक्षाघात यांच्या एकूण हिशेबात म्हणावा असा फरक पडला नव्हता. मी हे मायला सांगितलं नाही. विठ्ठलाचा अपमान फुकट झाला असं तिला वाटलं असतं.

फरक पडला तो दुसरीकडे. नाक परत आलं. माझ्या दुकानाला जळक्या वॉर्निशचा वास आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. जिभेला शेवभाजीतली मिरची, काळा मसाला, खोबरं वेगवेगळं लागायला लागलं, म्हणून मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागलो, म्हणून पॅन्ट आवळायला लागली. सोडणाऱ्यांचं वजन चार-पाच किलो वाढू शकतं म्हणतात. माझं त्यात मागे राहिलं नाही. शेजारच्या अमळनेरात १९४५ साली एक कंपनी वनस्पती तूप करायला निघाली होती. ती तुपावरून कॉम्प्युटरवर गेली आणि विप्रो म्हणून जगभर पोचली. मी सिगरेटवरून तुपावर आलो.

दसऱ्याला दाजी आले. जेवण झालं आणि ते मला हळूच गच्चीवर घेऊन गेले. मला वाटलं ओमेगाबद्दल माफी मागतील. त्यांनी पाकीट काढलं.

"दाजी, तुम्ही? एवढ्या गोळ्या घेता ना?"

"म्हणून तर चालतं," काडी ओढत ते म्हणाले. "तुम्ही सोडली, तुम्हाला गोळ्या कशाला? मी सोडत नाही, मला लागतात. तुमच्याकडे उरल्या असतील तर परत द्या."

जिन्यात भाची उभी होती. "पप्पा, आज मुहूर्त आहे. सोडून टाका."

"दसऱ्याला सोनं लुटतात, बेटा. सोडत नाहीत काही."

माझ्या शर्टाच्या खिशात गमची पट्टी होती. सवयीनं अजून बाळगतो. एक गोळी काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या दाजी, सोनं घ्या."

दाजींनी ती उलटीसुलटी करून बघितली, किंमत विचारली, आणि किंमत ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच विश्वास दिसला.

"चावायची, की गालात ठेवायची?"