हटराइट म्हणजे आमिश नव्हेत

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानी प्रदेशात, सामूहिक वसाहती करून राहणारे हटराइट हे ख्रिस्ती लोक वीज वापरत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, असा एक मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. घोडागाडी जुन्या वळणाच्या आमिशांची, म्हणजे दुसऱ्याच एका ख्रिस्ती समाजाची. हटराइटही त्याच ॲनाबॅप्टिस्ट (प्रौढपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या) पंथातले, पण त्यांच्या शेतावर अद्ययावत ट्रॅक्टर आणि कंबाइन हार्वेस्टर असतात. टीव्हीला मात्र परंपरेने मज्जाव, तेवढं खरं.

त्यांचं खरं वेगळेपण मजकुरात आलेलंच नाही. जमीन, यंत्रं, पैसा सगळं वसाहतीच्या मालकीचं. कुटुंबाला राहायला स्वतंत्र घर, पण जेवण सामायिक भोजनगृहात: पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मुलांची पंगत वेगळी. संध्याकाळी प्रार्थना, प्रवचन बहुधा सतराव्या शतकातल्या जर्मन हस्तलिखितांतून वाचलेलं. फावल्या वेळात गाणी, विणकाम, शेजारच्या वसाहतीत पाहुणचार. वस्ती दीडशेच्या आसपास गेली की नवी वसाहत काढतात. (आपल्याकडे एवढ्या सामोपचाराने वाटण्या झाल्या असत्या तर दिवाणी कोर्टं ओस पडली असती!)

फोटो काढणं धर्माविरुद्ध म्हणून ‘सरकारने त्यांना वाहन परवान्यावरच्या फोटोतून सूट दिलीय’ हेही अर्धसत्य. अल्बर्टा प्रांताने ती सवलत 2003 मध्ये काढून घेतली आणि 2009 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी प्रांताच्या बाजूने निकाल दिला.