‘भिंती मांडणं हे काय करिअर झालं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

व्हिडिओ गेमच्या लेव्हल, म्हणजे खेळायच्या जागांचे नकाशे, बनवणाऱ्या सँडी पीटरसनच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल विषय काय चाललाय. तुमचं म्हणणं असं की एका अमेरिकन माणसानं तीस वर्षांपूर्वी व्हिडिओ गेममध्ये खोल्या, जिने आणि दारं मांडली, त्याचं एवढं लांबण लावायचं कारण काय? तेही त्याच्या लेव्हल दिसायला ओबडधोबड आहेत हे मीच लिहिलेलं असताना. मी स्वतः केलेल्या लेव्हलच्या कामांच्या यादीतही निम्म्यांपुढे ‘रद्द’ लिहिलंय. वावरात काम पडलेलं असताना पोरं धुऱ्यावर बसून मोबाइलवर बीजीएमआय हा नेमबाजीचा गेम खेळतात आणि माझ्यासारखे लोक त्यांना वरून चढवून देतात. तुमचा मुलगा बारावी झालाय आणि तोच लेख दाखवून एमपीएससीचा क्लास सोडतो म्हणतोय.

तुमचा राग मला समजतो. पण पोरानं तुम्हाला लेख वरचा अर्धाच दाखवलेला दिसतो. खालच्या अर्ध्यात त्याच्या कामाचं काही नव्हतं ना!

आधी ओबडधोबडपणाचं बोलू. पीटरसन ‘डूम’ हा राक्षसांशी लढायचा गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरमध्ये आला तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता. कागद आणि फाशांवर खेळायच्या खेळांत त्याचं नाव झालेलं होतं, १९८१ चा ‘कॉल ऑफ क्थुलू’ त्याचाच. ‘डूम’ बाहेर पडायला तेव्हा जेमतेम दहा आठवडे राहिले होते. आधीचा डिझायनर टॉम हॉल कंपनी सोडून गेला होता आणि त्याचे कच्चे नकाशे पडून होते. पीटरसननं २७ पैकी १९ लेव्हल केल्या, त्यातल्या आठ हॉलच्या कच्च्या कामावरून. डिसेंबर १९९३ मध्ये गेम आला. पुढच्या वर्षी ‘डूम २’ आला, त्यातल्या ३२ पैकी १७ लेव्हल याच्या. त्याच कंपनीतल्या जॉन रोमेरोच्या लेव्हलमध्ये भिंतीला भिंत जुळते, उजेड-अंधार नेमका पडतो. पीटरसनच्या भिंतींचे रंग एकमेकांशी भांडतात, हे खरंच आहे.

पण ‘डूम २’ मधली आठवी लेव्हल घ्या. एका खोलीचं दार उघडलं की आत सायबरडेमन उभा असतो, म्हणजे त्या गेममधलं सगळ्यात चिवट जनावर, आणि त्याच्या सोबतीला बॅरन नावाचे दुसरे राक्षस. समोरासमोर लढायला गेलात तर वाचत नाही. पण ‘डूम’चा एक नियम आहे. एका राक्षसाचा मार चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, की तो दुसरा तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. दोन सांड भिडल्यावर शहाणा माणूस बाजूला होतो, तसं तुम्ही पळत राहायचं आणि त्यांचं त्यांना निपटू द्यायचं. हे कुठेही लिहून ठेवलेलं नाही. खोलीचा आकार, दाराची जागा आणि आत कोणाला उभं केलं, एवढ्यावर ते खेळणाऱ्याला कळतं. रंगरंगोटी कोणीही नंतर करू शकतो, पण अशी खोली सुचावी लागते.

आता ‘भिंती मांडणं’. त्याच गेममध्ये खेळाडूची उंची ५६ एकक धरलेली आहे आणि २४ एककांपर्यंतची पायरी तो आपोआप चढतो. तीच पायरी २५ केली की तिची भिंत होते. वरून खाली मात्र तो कितीही उंचीवरून उतरतो आणि त्याला इजाही होत नाही. म्हणजे त्या एका एककानं परतीची वाट बंद होते. खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. तो फक्त म्हणतो, ‘अरे, आता पुढेच जावं लागते’. तो पुढे जावा असं कोणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं, आणि त्या कामाचे पैसे मिळतात.

माझ्या यादीतल्या एका ‘रद्द’चंही सांगतो, कारण तो तुम्हाला जास्त खुपला. एका कंपनीसाठी मी नेमबाजीच्या गेमची एक लेव्हल केली होती. जगभर अशा गेममध्ये आडोशाला लाकडी खोके असतात, का असतात देव जाणे. मी आपल्याकडचं जिनिंग घेतलं. दिवाळीनंतरचं यार्ड, वजनकाट्यापाशी मेटाडोर आणि बंड्यांची रांग, सुट्या कापसाचे ढीग, कापूस ओढून नेणारा जाड पाइप, सरकीची खोली, आणि पलीकडे प्रेसमधून निघालेल्या, पट्ट्या आवळलेल्या १७० किलोच्या गाठी.

टीममध्ये वाद झाला तो कापसावरून. सुट्या कापसाच्या ढिगातून गोळी आरपार जाईल की नाही? मी म्हटलं, जाईल. ढीग माणसाला लपवतो, पण वाचवत नाही. वाचवते ती गाठ. सगळी लेव्हल मग या एकाच गोष्टीवर उभी राहिली. पण खेळणाऱ्याला हे कसं कळावं? स्क्रीनवर पाटी लावली तर कोणी वाचत नाही. पहिल्या चाचणीत पोरं ढिगामागे लपली, मेली आणि चिडली. गावातल्या एकानं तर तोंडावर सुनावलं, ‘काऊन भाऊ, आडोशात असून मेलो तं खेळू कायले?’ त्याचं बरोबर होतं. मग मी फाटकाजवळ, खेळणाऱ्याला अजून कोणी मारू शकत नाही अशा जागी, एक ढीग ठेवला. त्याच्यामागे शत्रूचाच एक माणूस लपलेला. पहिली गोळी झाडली की ढिगाच्या दोन्ही अंगांनी कापूस उडतो आणि मागचा माणूस पडतो. त्यानंतर एकही पोरगं ढिगामागे थांबलं नाही, सगळी थेट गाठींकडे पळाली.

पुढे कंपनीनं तो गेमच गुंडाळला. करारामुळे त्याची चित्रंही मला कुठे दाखवता येत नाहीत. तरी पुढचं काम मला त्या फाटकाजवळच्या ढिगानंच दिलं, कारण मुलाखतीत मी तेवढंच नीट समजावून सांगितलं. या धंद्यात रद्द झालेलं काम लपवत नाहीत. त्यातून तुम्ही काय ठरवलं आणि का ठरवलं, हे विचारतात.

पगाराच्या भरवशाबद्दल मात्र तुमच्यापेक्षा मीच जास्त कडू बोलेन. पीटरसन नंतर एन्सेम्बल स्टुडिओजमध्ये गेला, ‘एज ऑफ एम्पायर्स’वाल्यांकडे. त्या मालिकेनं जग जिंकलं, आणि तरी मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये अख्खा स्टुडिओ बंद केला. त्यानंतर त्यानं टेक्सासमध्ये हाच विषय शिकवला आणि २०१३ मध्ये लोकांकडून आगाऊ वर्गणी घेऊन पुन्हा पटावरचा खेळ काढला. जानेवारी २०२४ मध्ये याच मायक्रोसॉफ्टनं गेम विभागातले १,९०० लोक एका झटक्यात कमी केले. कापसाच्या भावासारखी अनिश्चिती इथेही आहे, फरक इतकाच की इथे हमीभावही नाही. हे सगळं लेखाच्या खालच्या अर्ध्यात होतं.

‘विदर्भाच्या पोराचा याच्याशी काय संबंध’ असं तुम्ही विचारलंत. यवतमाळच्या सायबर कॅफेत आम्ही शाळा-कॉलेजची पोरं काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा गेम खेळायचो. तिथे डस्ट टू सोडून दुसरी कोणती लेव्हल लावली की मागून ओरड व्हायची, ‘डस्ट टू लाव बे!’ ती २००१ ची डस्ट टू डेव्ह जॉन्स्टन नावाच्या इंग्लंडच्या पोरानं केली होती. पहिली डस्ट केली तेव्हा तर तो विशीच्या आतलाच होता. कोणत्याही कंपनीचा नोकर नव्हता, घरी बसून करत होता. डारिओ आणि मायलो कॅसाली हे दोघं भाऊही ‘डूम’च्या लेव्हल हौसेनं बनवायचे. त्यांचं काम आयडीनं १९९६ च्या ‘फायनल डूम’मध्ये घेतलं आणि डारिओ पुढे वाल्व या गेम कंपनीत जाऊन ‘हाफ-लाइफ’ या गेमवर लागला. यात कोणी डिग्री दाखवून आत गेलेलं नाही, सगळे केलेलं काम दाखवून गेले. बाहेरदेशांची उदाहरणं देतो, कारण नोंदी तिथल्याच नीट सापडतात. आपल्याकडे पुण्यात झालेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. त्याच्या लेव्हल कशा घडल्या यावर मराठीत कोणी लिहिलं तर मीच पहिला वाचेन.

राहिला तुमचा मुलगा. क्लास सोडू नको म्हणून त्याला माझ्या नावानं सांगा. त्याला काय खेळतो ते विचारू नका, एवढंच विचारा की बीजीएमआयच्या नकाशातल्या पोचिंकी गावात उतरणारे इतके लवकर का मरतात. ‘तिथं लूट चांगली भेटते, म्हणून गर्दी होते’ असं म्हणाला, तर तो खेळणारा आहे, आणि त्यात वाईट काही नाही. पण गाव नकाशाच्या मध्यात का ठेवलं, वाटा कुठून येतात, कोणत्या छतावरून कोणतं दार दिसतं, असं बोलायला लागला तर त्याला एक कोरी वही आणून द्या. तुमच्याच गावचा पार, शाळा आणि पांदण त्यात काढू द्या. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. ‘डूम’च्या लेव्हल करायचं अल्टिमेट डूम बिल्डर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याला फार भारी कॉम्प्युटर लागत नाही. महागडा लॅपटॉप हवा म्हणाला तर देऊ नका, तो हट्ट खेळायसाठीच असतो.

पहिली लेव्हल पूर्ण झाली की फाइल मला पाठवायला सांगा. अर्धवट पाठवली तर बघणार नाही. आमच्याकडे या आठवड्यात वावराची लाईन रात्रीची आहे, ओलित करून झोपायला पहाट होते, तेव्हा उत्तराला एक-दोन दिवस उशीर झाला तर राग धरू नका.