लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे

"त्या वाऱ्यापुढे कुणाचंच काही चाललं नसतं" हे ईटनच्या आगीवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. आम्ही कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ पासाडिनात राहतो, त्या आगीत जळालेलं आल्टाडेना गाव हाकेच्या अंतरावर. ७ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटन कॅन्यनमध्ये आग लागली. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरं खाली उतरवावी लागली, जवान जिवावर उदार होऊन लढले, सगळं मान्य. पण आल्टाडेनाच्या मधून जाणाऱ्या लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला घरं सोडायचे आदेश संध्याकाळीच निघाले आणि पश्चिमेला थेट पहाटे साडेतीनच्या आसपास! वारा थांबवता येत नाही, फोनवर मेसेज तर धाडता येतो ना? मृत्यू जवळजवळ सगळे पश्चिमेलाच झाले, त्यातही बरेचसे म्हातारे.

आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब तिकडेच राहायचं. त्यांना जागं केलं ते शेजाऱ्याने, दार बडवून. रात्री अडीचला मावशी आमच्या दारात उभ्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नातवाची, आणि पदरात गुंडाळलेला देवघरातला बाळकृष्ण. पासपोर्ट, दागिने, काकांचे फोटो, सगळं राखेत गेलं. (कुकर तेवढा सापडला, वाकडातिकडा.)

९,४०० च्या वर बांधकामं जळाली. पुढे सप्टेंबरात या आदेशांच्या गोंधळावर अहवाल आला: माणसं कमी, नियम जुने, आदेश नेमका कुणी द्यायचा हेच धड ठरलेलं नाही. हे कळायला आठ महिने आणि बाहेरचे सल्लागार लागले! मावशी अजूनही फोन उशाशी घेऊन झोपतात, आवाज पूर्ण मोठा करून.