‘सायन्स नसेल तर पर्यावरणाच्या वाटेला जाऊ नका’ : एका फॉरवर्डचा समाचार

बारावीचे निकाल लागले की एक संदेश फिरू लागतो. मथितार्थ असा : पर्यावरण हा विज्ञानाचा विषय; सामाजिक शास्त्रांच्या अंगाने तो शिकणं म्हणजे ‘झाडे लावा, झाडे जगवा’वर निबंध लिहिणं. त्यात गणित नाही आणि नोकरी तर नाहीच. एकेक मुद्दा घेऊ.

निबंधाचा विषय? हा समज कुठून येतो ते उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशानंतर पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरण सक्तीचं झालं. मुलांच्या हाती त्यातून काय पडलं, तर एक पेपर आणि आदल्या रात्री उतरवून काढलेली प्रकल्पवही. ती वही म्हणजे हा विषय नव्हे.

‘पाण्याचा प्रश्न पाऊस आणि खडकाचा, त्यात समाज कुठे आला?’ १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात आला. जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा, अशी आपली व्यवस्था. म्हणजे सातबारा नाही त्याला पाणी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७२च्या दुष्काळानंतर नेमकं हेच उलटं केलं : वाटप एकरावर न करता माणशी, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला बंदी. पाऊस तोच, खडकही तोच. बदलला तो नियम. नियम कोण ठरवतं आणि तो कशामुळे टिकतो किंवा मोडतो, हा अभ्यास सामाजिक शास्त्रांचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक संसाधनांच्या, म्हणजे पाणी, कुरण, जंगल अशा सगळ्यांनी मिळून वापरायच्या गोष्टींच्या, अशाच अभ्यासासाठी.

आता ‘गणित नाही’. इथे जरा थांबू, कारण हे लिहिणाऱ्याने गावपाहणी कधी केलेली दिसत नाही. समजा गावात २४० घरं आहेत आणि त्यातली ६० निवडायची आहेत. घरपट्टीच्या यादीत दर चौथं घर घ्यायचं. सुरुवात मात्र १ ते ४ मधली चिठ्ठी उचलून. ग्रामपंचायतीपासून रस्त्याने चालत निघालात तर वाडीवस्ती गळते, आणि टँकर शेवटी पोचतो तो तिथेच. दाराला कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेतलं तर त्याहून वाईट. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यात कुलूपबंद घरं ऊसतोडीला गेलेल्यांची असतात. म्हणजे ज्यांची माहिती सगळ्यात गरजेची तेच यादीतून बाद, आणि अहवालात गाव सुखी. अशा घराला दोनदा परत जायचं. तरीही नाही भेटलं तर तशी नोंद करायची.

प्रश्न विचारायचीही रीत असते. ‘रोज किती लिटर लागतं?’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर अंदाजपंचे असतं. त्याऐवजी हंडे किती, खेपा किती, आणायला कोण जातं हे विचारायचं आणि तोच हंडा लिटरच्या मापाने भरून बघायचा. दुपारी गेलात तर बाई मजुरीवर असते आणि उत्तर पुरुष देतो, ज्याने खेपा कधी मोजलेल्या नसतात. नोव्हेंबर आणि मे अशा दोन फेऱ्या हव्यातच. एकाच फेरीवरून वर्षाचा आकडा काढणं म्हणजे फसवणूक. यानंतर संख्याशास्त्र येतं, नकाशे येतात. गणिताची भीती असेल तर इथेही सुटका नाही.

राहिला नोकरीचा मुद्दा. २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन, म्हणजे प्रकल्पाने तिथल्या लोकांवर काय परिणाम होईल याची पाहणी, सांगितलं, मुदत सहा महिने. तो अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ गटात दोन बिनसरकारी सामाजिक शास्त्रज्ञ लागतात आणि प्रकल्पाच्या विषयातला तांत्रिक तज्ज्ञ एक. राज्यांनी काही प्रकल्पांना यातून सूट दिली आहे, ती गोष्ट वेगळी. वनहक्काचे सामूहिक दावे, पाणलोटाची कामं, पुनर्वसन इथेही अशी माणसं लागतात. संदेशात एवढं मात्र खरं आहे : नुसत्या बीएवर यातलं फारसं मिळत नाही आणि पहिली नोकरी बहुधा कंत्राटी असते. म्हणून प्रवेश घेताना माहितीपुस्तिकेतले फोटो बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा : क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष गावात जाऊन करायचं काम) किती आठवडे, संख्याशास्त्र सक्तीचं की ऐच्छिक, आणि मागच्या तुकडीचे प्रबंध वाचायला मिळतील का.