तो काळा पट्टा शाईचा डाग नाही

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. जपानी चित्रकार हिरोशिगेचं शिन-ओहाशी पुलावरच्या पावसाचं चित्र, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवरून कागदावर छापलेला ठसा, तुम्ही आमच्याकडून नेलंत. वरच्या कडेला काळी शाई फासली गेलीय, पलीकडचा काठ पुसट आलाय, कागदाचा कोपरा दुमडलेला होता आणि व्हॅन गॉगचं चित्र याहून कितीतरी जिवंत आहे, असं तुम्ही लिहिलंय.

कोपऱ्याची चूक सर्वस्वी आमची. नळकांड्यात कागद नीट बसला नव्हता. दुसरी प्रत आजच पाठवतो.

काळ्या पट्ट्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण या चित्रातली मला सगळ्यात प्रिय जागा तीच. तो ढग आहे. १८५७च्या मूळ ठशातही तो आहे. छापणारा ओल्या ठोकळ्यावर शाई लावतो आणि हातानेच ती खाली विरवत नेतो. जपानीत याला बोकाशी म्हणतात. हे दर कागदाला नव्याने करायचं, म्हणून दोन प्रतींमधले ढग तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. तुमची प्रत नव्याने कोरलेल्या ठोकळ्यांवरची आहे, पावतीवर तसं लिहिलंय. पण हे काम आजही हातानेच होतं.

आता चित्र खिडकीपाशी धरून पाऊस बघा. रेषा किंचित वेगवेगळ्या कोनांत पडतात. केसाएवढी रेषा छापायची तर लाकडात तेवढीच उभी ठेवून आजूबाजूचं सगळं कोरून काढावं लागतं. हात जरा चुकला की रेषा तुटलीच. पलीकडचा, आताके भागाचा काठ पुसट आहे तो या सरीमुळे. पूल आणि त्यावरून लगबगीने जाणारी माणसं किती ठळक आहेत! एकाने तर चटईच डोक्यावर घेतलीय. खाली सुमिदा नदीत तराफेवाला एकटाच, त्याला आडोसा कुठला?

व्हॅन गॉगने १८८७ मध्ये याच ठशावरून तैलचित्र केलं, रंग भडक केले, भोवती जपानी अक्षरांची चौकट काढली. मलाही ते आवडतं. पण तैलरंग पृष्ठावर उठून दिसतो, इथे रंग कागदात मुरलेला असतो. तो जाडपणा ठशात शोधू नका.

बोकाशीबद्दल सोबतच्या कार्डावर एक ओळही नव्हती, ही चूकही आमचीच. आता ती घातलीय.

नवी प्रत आली की दोन्ही ढग शेजारी ठेवून पाहा. दुमडलेल्या कोपऱ्याचीच जास्त आवडली तर ती ठेवा, दुसरी आमच्या खर्चाने परत पाठवा.