मान्सून अंदमानात पोहोचतो, तेव्हा फुकेतही अंदमानातच असतं

एप्रिल लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. यंदाही आला. त्याचा आशय असा: मुलांच्या सुट्टीत गोव्याला कशाला जाता, तेवढ्याच पैशांत थायलंडचं फुकेत बेट होतं. मे-जूनमध्ये तिथली हॉटेलं निम्म्या भावात मिळतात. पाऊस आला तरी तासाभराचा. समुद्र काचेसारखा. थायलंडमध्ये कुठेही जा, हवा सारखीच. बेटांच्या सहली इथूनच बुक करा, स्वस्त पडतात. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, पोहता येणाऱ्याला काळजी नाही. खाली हिरव्यानिळ्या पाण्यात उभ्या असलेल्या लाकडी होडीचा फोटो.

दरवर्षी मी तो वाचून पुढे जायचो. या वेळी माझी मामेबहीण त्याच्यावर भरवसा ठेवून पैसे भरायला निघाली. तिची मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी भावाचं. हॉटेलं स्वस्त मिळतात हे खरं आहे, पण का मिळतात ते मजकुरात नाही. फुकेतचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये तो संपतो, म्हणून भाव पडतो. जुलैत तारकर्लीच्या खोल्या का स्वस्त होतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तेच कारण परदेशात गेल्यावर का विसरायचं? होडीचा तो फोटोही पाण्यावरून जानेवारी-फेब्रुवारीतला वाटतो. कोणत्याही किनाऱ्याचा फोटो आवडला की तो कुठला आहे याच्याइतकंच कोणत्या महिन्यातला आहे हे विचारा.

आता ‘पाऊस तासाभराचा’. हे वाक्य बरंचसं बरोबर आहे आणि म्हणूनच ते सगळ्यात जास्त फसवतं. फुकेतमध्ये मेमधला पाऊस पुष्कळदा सर येऊन जाते तसाच असतो, मग ऊन पडतं. पण अडचण पावसाची नाही, समुद्राची आहे. दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण वाचतो आणि सुखावतो. नकाशा उघडून पाहा. अंदमान बेटं ज्या समुद्राच्या पश्चिम कडेला आहेत, त्याच समुद्राच्या पूर्व कडेला फुकेत आहे. पाटोंग, करोन, काटा हे फुकेतचे प्रसिद्ध किनारे बेटाच्या पश्चिमेला आहेत, थेट नैऋत्य वाऱ्याच्या तोंडावर. कोकणात मान्सून यायला जून उजाडतो. फुकेतला समुद्र त्याआधीच खवळायला लागतो. आपण उन्हाळ्याची सुट्टी म्हणून जातो आणि पोहोचतो पावसाळी समुद्रापाशी.

मी स्वतः मेच्या शेवटच्या आठवड्यात करोनसमोर पाच रात्री राहिलो आहे. त्यातले चार दिवस वाळूत लाल झेंडा होता. ऊन कडक, आकाश निळं आणि पाण्यात उतरायची बंदी. मुलगी रोज सकाळी गॅलरीतून झेंड्याचा रंग बघायची. तो चेहरा मला अजून आठवतो.

‘जीवरक्षक असतात, पोहता येणाऱ्याला काळजी नाही’ या वाक्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण बाकीच्या मुद्द्यांत पैसे जातात, इथे माणूस जातो. या किनाऱ्यांवर दर पावसाळ्यात पर्यटक बुडतात आणि त्यांत चांगले पोहणारेही असतात. आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं म्हणतात, ‘आज पाण्याला ओढ आहे.’ तीच ही ओढ, रिप करंट. लाटांवर लाटा येऊन पाणी किनाऱ्याशी साचतं आणि परत जायला वाळूतली एखादी खोलगट वाट शोधतं. त्या वाटेने ते नदीसारखं आत धावतं. पाणी खोल असल्यामुळे त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत पाणी दिसतं. लहान मुलांना घेऊन उतरणारे आईवडील नेमका तोच शांत पट्टा निवडतात.

ओढ माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेते. घाबरून माणूस तिच्या विरुद्ध, सरळ किनाऱ्याकडे पोहायला लागतो, दमतो आणि दमल्यावर बुडतो. ओढीत सापडलात तर तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेने सरका. जीवरक्षक लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या भागावर नजर ठेवतात, तेही दिवसाच्या ठरलेल्या वेळात. संध्याकाळी हॉटेलातून ‘जरा पाय भिजवायला’ गेलेल्या माणसाकडे कुणाचंही लक्ष नसतं. लाल झेंड्याचा अर्थ जपून पोहा असा नाही. उतरायचं नाही, एवढाच आहे. गुडघाभर पाण्यातही नाही, कारण परतणारी लाट लहान मुलाच्या पायाखालची वाळू काढून घेते.

बेटांच्या सहली आधी बुक करण्याबद्दल. फुकेतहून सहली जातात त्या सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. जूनमध्ये कुणी तुम्हाला सिमिलान विकत असेल, तर तो दुसरंच काहीतरी विकतो आहे. जी बेटं उघडी असतात तिथे बोटी जातात, पण समुद्र पाहून. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची पर्यटकांची बोट वादळी समुद्रात बुडाली आणि ४७ माणसं गेली. हवामानाचा इशारा आधी दिलेला होता. आमची सहल एजंटाने सकाळी रद्द केली, तेव्हा मी पैशांवरून त्याच्याशी वाद घातला. आज वाटतं, त्याने माझ्यावर उपकार केले. बुकिंग करायचंच तर तिथे पोहोचल्यावर, आदल्या संध्याकाळी, अंदाज बघून करा. आणि आधी पैसे भरायचेच असतील, तर समुद्रामुळे रद्द झाल्यास ते परत मिळतील असं लेखी घ्या.

राहिला ‘थायलंडमध्ये कुठेही जा’ हा मुद्दा. त्याचं उत्तर मराठी माणसाला सह्याद्रीत सापडतं. नैऋत्य वारा कोकणात कोसळतो आणि घाट ओलांडून माणदेशात पोहोचेपर्यंत कोरडा होतो. थायलंडच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या भूमीवरही मधोमध डोंगर आहेत. पश्चिमेला फुकेत आणि क्राबी, पूर्वेला थायलंडच्या आखातात को सामुई, को फांगान, को ताओ ही बेटं. मेमध्ये फुकेतला लाल झेंडा असताना सामुईचं पाणी बहुधा शांत असतं. सामुईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य वाऱ्यावर येतो. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेमकं उलट. सामुईला थेट विमान महाग पडतं. मुख्य भूमीवरच्या सुरत थानीपर्यंत विमान आणि डोनसाकच्या धक्क्यावरून फेरी बोट हा स्वस्त मार्ग आहे, पण मुलांसह त्यात अर्धा दिवस जातो. सामुईला बॉक्स जेलीफिश या विषारी जेलीफिशचाही धोका असतो. तिचा डंख जीवघेणा ठरू शकतो, म्हणून अनेक किनाऱ्यांवर डंखावर ओतायला खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. मुलांना अंगभर पोहण्याचे कपडे घाला.

हीच दोन बाजूंची गोष्ट श्रीलंकेत आणखी स्पष्ट दिसते. बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिस्सा हे नैऋत्येचे किनारे डिसेंबर ते मार्चमध्ये सुंदर; मेमध्ये तिथे तोच खवळलेला समुद्र. पण पूर्वेला त्रिंकोमालीजवळचं निलावेली आणि त्याच्या दक्षिणेला पासिकुडा यांचा हंगाम मेमध्ये सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालतो. पासिकुडाला पाणी इतकं उथळ की बरंच आत चालत जाता येतं. लहान मुलांसाठी माझं पहिलं मत तिथलंच आहे. कोलंबोहून गाडीने सहा-सात तास लागतात, एवढीच त्याची किंमत. व्हिएतनाममधलं दा नांगही या महिन्यांत कोरडं असतं, त्याचा पाऊस सप्टेंबरनंतरचा. त्याच देशातलं फु क्वोक बेट मात्र मेपासून पावसात जातं.

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, एप्रिल ते ऑक्टोबर तिथे कोरडा हंगाम असतो. मजकुराचा पुढचा भाग म्हणून काही जण ‘मग बालीला जा, तिथे ऊन असतं’ असं जोडतात. ऊन असतं, पण याच महिन्यांत दक्षिण हिंदी महासागरातून मोठ्या लाटा येतात आणि जगभरचे सर्फिंग करणारे त्यासाठीच बालीतल्या उलुवाटूला जमतात. बालीच्याच कुटा किनाऱ्यावरच्या लाटांत आठ वर्षांचं मूल सोडायचं नसतं. तिथल्याच सनूर किनाऱ्याला बाहेर प्रवाळाची भिंत आहे, ती लाट अडवते आणि आत पाणी संथ राहतं. ओहोटीला मात्र ते इतकं ओसरतं की खडक उघडे पडतात. भरतीच्या वेळा बघूनच दिवस ठरवावा लागतो.

बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने विचारलं, ‘दादा, नवऱ्याच्या ऑफिसच्या लोकांनी फुकेतचंच तिकीट काढलंय, त्यांचं काय?’ त्यांनी जावं. फुकेतच्या पूर्वेला फांग-ङाचा उपसागर आहे. बेट स्वतःच त्याला पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा देतं, त्यामुळे तिथल्या चुनखडीच्या सुळक्यांमधून होडीची सहल मेमध्येही बहुतेक दिवशी होते. जुन्या फुकेत शहरातल्या रंगीत घरांच्या गल्ल्या सरींमध्येही बघता येतात. हॉटेल मात्र मोठ्या पोहण्याच्या तलावाचं घ्यावं, किनाऱ्यासमोरच्या खोलीला जास्त पैसे देऊ नयेत, आणि सकाळी वाळूत कोणता झेंडा आहे ते बघूनच मुलांना पोहण्याचे कपडे घालावेत.

तिने स्वतःसाठी पासिकुडाची चौकशी सुरू केली आहे.